कुष्ठरोगातल्या टी पेशी: सुरुवात कुठून करावी

जळगावहून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून या कामाकडे वळणारे विद्यार्थी बहुतेकदा एकच विचारतात: सिग्नलिंगचे, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवण्याचे, एवढे मार्ग पाठ कसे करायचे? करूच नका. आधी रिडले आणि जॉपलिंग यांचं कुष्ठरोगाचं १९६६चं वर्गीकरण नीट बघा. जंतू तोच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. पण एका टोकाच्या रुग्णाला मोजके बधिर चट्टे असतात, त्यात जंतू शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या, लेप्रोमॅटस टोकाला कातडीत जंतूंचे गठ्ठे. हा फरक बराचसा टी पेशींचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा.

आणि लेप्रोमॅटस रुग्णाच्या टी पेशी सरसकट दुबळ्या नसतात, ही मला अजूनही चक्रावणारी गोष्ट. इतर प्रतिजनांना (ज्या परक्या रेणूंना त्या ओळखतात) त्या प्रतिसाद देतात, लेप्रीसमोर मात्र गप्प. निरोप अडतो कुठे?

हा प्रश्न घेऊन मार्ग वाचला की तो डोक्यात राहतो. टी पेशीवरच्या रिसेप्टरने प्रतिजन ओळखलं की एलसीके आणि झॅप-७० ही एन्झाइमं कामाला लागतात, पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन या एन्झाइममुळे एनएफएटी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं, टी पेशींना वाढायला लावणाऱ्या आयएल-२चं जनुक चालू होतं. पेशीवरच्याच सीडी२८ या रेणूकडून दुसरा निरोप आला नाही तर पेशी सुस्त पडते. पुढची दिशा सायटोकाइन, म्हणजे पेशींमधले निरोप्या रेणू, ठरवतात: आयएल-१२ स्टॅट४ या प्रथिनामार्फत जंतू मारायला मदत करणाऱ्या गॅमा इंटरफेरॉनकडे, आयएल-४ स्टॅट६मार्फत टीएच२ या वेगळ्या प्रकारच्या टी पेशींकडे. तिथेच थांबलात तर अर्धंच कळेल. प्रतिसादाला लगाम घालणारे आयएल-१०, नियामक टी पेशी आणि पीडी-१ हेही वाचा.

आता कामाचं. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे नमुने घ्यायचे तर अहिराणीने भागत नाही, पावरी किंवा भिलोरी बोलणारं कुणी सोबत हवं. संमती त्याशिवाय खरी होत नाही. पेशी वेगळ्या करायचं रक्त बर्फात ठेवू नका, पण मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उभ्या गाडीतही नको. आशाताईंना आधी भेटा, घरं त्यांना माहीत असतात.

टी पेशी जाग्या झाल्या म्हणजे भलंच झालं, असंही नाही. टाइप १ रिअॅक्शनमध्ये, म्हणजे कुष्ठरोगात प्रतिकारशक्ती अचानक उसळते तेव्हा, त्याच गॅमा इंटरफेरॉन सोडतात, मज्जातंतू सुजतो, वेळेत उपचार नसतील तर बोटं वाकडी होतात. तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात आणि ते टी पेशींचे निरोपच दाबतं. म्हणून एमडीटी (कुष्ठरोगाची बहुऔषधी उपचारपद्धती) कधी सुरू झाली, रिअॅक्शन होती का, स्टिरॉइड चालू होतं का, हे ज्या नळीसोबत लिहिलेलं नाही तिचा निकाल मी तुलनेत धरत नाही.