उलटी गाडी अंगणात: खुणा बाहेर निघताना करा

चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीला, घासलेली गाडी गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर (वस्तीत) दिसते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मागे कॅमेरा असतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. गाडी उलटी, म्हणजे मागे घेत, गल्लीतून अंगणात वळवायचं काम त्याच्यावर सोपवलं जातं, आणि त्याला फक्त शेवटचे दोन मीटर नीट दिसतात. वळण जमिनीवरच्या आणि भिंतीवरच्या खुणांनी घ्यायचं, थांबायचं कॅमेऱ्याने. या खुणा कुठे करायच्या, हाच खरा प्रश्न. रंग सोडला तर बाकीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

लागणारं सामान: मोजपट्टी, खडू, सुतळी, मास्किंग टेप, रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठी मिळतो तो रंग अर्धा लिटर, आणि बाहेर उभं राहायला एक माणूस.

आधी कॅमेरा तपासा

मागाहून बसवलेला कॅमेरा असेल तर त्या माणसाला गाडीच्या मागे उजव्या कोपऱ्याशी उभं करा. तो पडद्यावरही उजवीकडेच दिसला पाहिजे. डावीकडे दिसला तर चित्र उलटं आहे. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांच्या वायरीला दोन छोटे फास असतात, एक कापला की चित्र पालटतं, दुसरा कापला की पडद्यावरच्या अंतराच्या रेघा जातात. कोणता कशाचा हे सोबतच्या कागदावर पाहूनच कात्री लावा.

मग सपाट जागी बंपरपासून ५० सेंटिमीटर, १ मीटर आणि २ मीटरवर खडूने आडव्या रेघा मारा आणि पडद्यावरची लाल, पिवळी, हिरवी रेघ प्रत्यक्षात किती अंतरावर पडते ते लिहून ठेवा. 'लाल म्हणजे अर्धा मीटर' असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि तरीही मोजा.

बाहेर निघताना खूण

इथे बहुतेकांचं चुकतं. लोक आत शिरता शिरता खुणा करायला बघतात. प्रत्येक वेळी गाडी थोडी वेगळी येते, खडूच्या रेघांचं जाळं होतं, आणि शेवटी 'अंदाजानेच बरं' म्हणून सगळं पुसून टाकतात. गाडी सावकाश चालवली, तर ज्या वाटेने ती पुढे बाहेर पडते त्याच वाटेने मागे आत येते. म्हणून एकदा, वाटेल तितक्या वेळा मागेपुढे करून, गाडी अंगणात हवी तशी उभी करा: तोंड रस्त्याकडे, दोन्ही बाजूंना दारं उघडायला जागा, मागे भिंतीपासून निदान एक मीटर, म्हणजे डिकी उघडून नारळाचं पोतं काढता येईल. सुतळी ताणून गाडी गेटशी काटकोनात आहे ना ते बघा. ही जागा पक्की झाली की हातात खडू असलेल्या माणसाला बाहेर ठेवून गाडी पुढे काढायला लागा.

स्टिअरिंग सरळ. मागचं चाक गेटच्या खांबांच्या रेषेत येईपर्यंत सरळच जा. तिथे थांबा, मागच्या दोन्ही चाकांखाली जमिनीवर आडवी रेघ मारायला सांगा. ही पहिली खूण. आता गाडी उभीच ठेवून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि मुंगीच्या चालीने गल्लीला समांतर होईपर्यंत बाहेर या. थांबा. ही दुसरी जागा, आणि रोज आत येताना तुमची सुरुवात इथूनच होणार.

पूर्णच का वळवायचं? 'सव्वा फेरा वळव, मग अर्धा सोड' हे रात्री पावसात कुणाला आठवत नाही. पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग मात्र रोज तेच असतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवू नये हा सल्ला ऐकला असेल. टायर थोडा झिजतो हे खरं, पण एका वेळच्या दोन वळवण्यांसाठी गडग्याला अंग घासून घेण्यात शहाणपण नाही. शेवटाला टेकल्यावर जोर लावून धरू नका, केसभर सैल सोडा.

दुसऱ्या जागेची खूण रस्त्यावर रंगवायची नाही. रस्ता तुमचा नाही, शिवाय चालकाच्या सीटवरून पुढच्या चाकाजवळची जमीन दिसतही नाही. रोज बसता तशा सीटवर बसा, मान नव्वद अंशांत वळवा आणि तुमच्या खांद्यासमोर स्वतःच्या गडग्याचा किंवा गेटच्या खांबाचा जो भाग येतो तिथे दोन इंच रुंद उभा पट्टा रंगवा. रात्रीसाठी त्यावर रिफ्लेक्टरची चकती चिकटवा. पट्टा गल्लीत किती पुढे थांबायचं ते सांगतो. गडग्यापासून किती दूर राहायचं, ते आरशातून: त्याच जागी उभं असताना गेटच्या बाजूच्या आरशात गटाराची कड दाराच्या मुठीखाली कुठे दिसते ते लक्षात ठेवा. ही दुसरी नोंद न केल्याने अनेकांचा पट्टा कुचकामी ठरतो. गाडी पुढेमागे बरोबर थांबते, पण हातभर बाजूला, आणि मग वळणाच्या आतल्या खांबाला पोट घासतं.

सीट हलली की पट्टा चुकतो. घरात दोघं गाडी चालवत असतील तर दोन पट्टे, दोन रंगांत.

गल्ली अरुंद असेल तर हा सगळा हिशेब एका दमात बसत नाही, आणि ते आधीच मोजून घ्यावं. छोट्या हॅचबॅकची वळणत्रिज्या कंपनीच्या कागदावर पावणेपाच मीटरच्या आसपास असते, पण ती चाकाची. बंपरचा बाहेरचा कोपरा त्याहूनही बाहेर जातो. गेटच्या रेषेपासून समोरच्या गडग्यापर्यंत निदान साडेपाच मीटर असले तर छोटी गाडी थेट वळेल. जुन्या वाड्यांवर इतकं क्वचितच मिळतं. मग मध्ये एकदा पुढेमागे करावंच लागतं. ते करा, आणि त्या थांब्यांचेही पट्टे मारा. गेट रुंद असेल तर मागचं चाक खांबाच्या रेषेत यायच्या आधीच वळायला सुरुवात करता येते. मात्र आतला खांब आणि गाडीचा दरवाजा यांत वीतभर जागा राहते की नाही, ते बाहेरच्या माणसाने सांगायचं.

आणि लक्षात ठेवा, पूर्ण वळवून मागे जाताना गाडीचं तोंड विरुद्ध बाजूला फेकलं जातं. समोरच्या गडग्याला लागतो तो पुढचा बंपर, आणि मागचा कॅमेरा तेव्हा शांतपणे तुमचं तुळशीवृंदावन दाखवत असतो. पडद्यावरच्या वळणाऱ्या रेघाही मागच्या वाटेच्याच. या टप्प्यात पडद्याकडे बघूच नका. पुढचा बाहेरचा कोपरा आणि वळणाच्या बाजूचा आरसा, बस.

आत आल्यावर

आरसा खाली झुकवा. मागचं चाक पहिल्या आडव्या रेघेवर आलं की थांबा, स्टिअरिंग सरळ करा. आता कॅमेरा.

अंगणात दोन बाजूंच्या रेघा सगळेच मारतात. त्यांच्यापेक्षा मधली एकच रेघ जास्त कामाची. कॅमेऱ्याची काच रुंद पल्ल्याची असल्याने कडेच्या रेघा पडद्यावर वाकड्या होतात, मधली सरळ राहते. काही गाड्यांत कॅमेरा नंबरप्लेटच्या मध्यावर नसून चार बोटं बाजूला असतो. तेव्हा गाडी जागेवर असतानाच, पडद्याच्या मधोमध दिसेल अशी रेघ मारून घ्या, गाडीच्या मध्यावर नव्हे.

थांबायची रेघही तशीच. गाडी जागेवर असताना पडद्यावरची लाल रेघ जमिनीवर जिथे पडते तिथेच आडवा पट्टा मारा. रोज पट्टा लालला भिडला की ब्रेक.

आता फसवणूक कुठे होते ते. कॅमेऱ्याच्या रेघा सपाट जमीन धरून काढलेल्या असतात. अंगण मागे चढत असेल तर भिंत आहे त्यापेक्षा लांब दिसते. अधांतरी असलेली वस्तूही लांब दिसते: उघडी खिडकी, एसीचा बाहेरचा डबा, सोप्याचा (ओसरीचा) पुढे आलेला कठडा, स्कूटरचं हँडल. डिकीत आणि मागच्या सीटवर भरपूर वजन असेल तर गाडीची मागची बाजू बसते, आणि रेघा पुन्हा सरकतात. म्हणून शेवटी चाकाला अडवायला काहीतरी हवंच. पूर्ण चिरा आडवा टाकण्याची पद्धत आहे, ती नको. सहा-सात इंच उंचीवर काही गाड्यांच्या बंपरची खालची कड टेकते. चार इंचांहून जास्त उंच नको. तासलेला चिरा सिमेंटमध्ये बसवा किंवा रबरी अडसर बोल्टने आवळा.

रंग

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते मे. पेव्हर किंवा कोबा घासून धुवा, दोन दिवस वाळू द्या, टेप लावून दहा सेंटिमीटर रुंद पट्टे, दोन हात. दुसऱ्या हातावर ओला असतानाच बारीक वाळू भुरभुरा, नाहीतर पहिल्या पावसात त्याच पट्ट्यावर आजी घसरेल. करड्या पेव्हरवर पिवळा, तांबड्या मातीवर काहीच टिकत नाही; तिथे लादीचे पांढरे तुकडे, खडबडीत बाजू वर करून, जमिनीच्या पातळीत पुरा.

जून ते सप्टेंबर लेन्सवर तांबडा चिखल उडतो, थेंब धरतात. दारातच एक मऊ कापड टांगून ठेवा, रुमालाने पुसून ओरखडे पाडू नका. पट्ट्यांवर शेवाळ चढतं, तेव्हा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवडाभर आधी ब्लिचिंग पावडरने घासून घ्या. त्या दिवसांत पाहुण्यांच्या चार गाड्या अंगणात येतात, आणि तुमचे पट्टे त्यांच्या गाड्यांसाठी नाहीत हे त्यांना सांगावं लागतं.

गाडी सुरू करण्याआधी एकदा मागे वाकून बघा. गाडीखाली झोपलेला कुत्रा कॅमेऱ्याला दिसत नाही, सेन्सरलाही नाही.