बाळाची दुधाची ॲलर्जी: या चुका टाळा

दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना वय वाढेल तसं दूध चालू लागतं. मात्र तिचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचा वेग वेगळा. शौचातून रक्ताचे धागे, चिडचिड, काही तासांनी उलट्या, असा उशिरा दिसणारा प्रकार बहुधा वर्ष-दोन वर्षांत, फार तर तीनपर्यंत मावळतो. दूध पोटात जाताच मिनिटांत अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, तो प्रकार हळू जातो, काहींना तर दहावी-बारावीपर्यंत सोबत करतो. म्हणून शेजारणीच्या मुलाचा हिशोब आपल्या मुलाला लावू नये.

सगळ्यात जास्त घात करणारी समजूत म्हणजे "उकळलं की चालतं". दुधातलं केसिन नावाचं प्रथिन उकळण्याला दाद देत नाही. बासुंदी आटवली की प्रथिन उलट दाट होतं. दही, ताक, खवा, पनीर यांतही तेच प्रथिन असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाहुण्याच्या हाती आधी ताक येतं, आणि "पातळच तर आहे" म्हणून बाळालाही दोन घोट मिळतात. गाईचं बंद करून म्हशीचं किंवा शेळीचं सुरू करणंही फुकट, कारण प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो.

पूजेच्या घरी हमखास घडतं ते असं: पळीभर पंचामृत आजीच्या तळहातावर, त्याच हाताचं ओलं बोट बाळाच्या ओठाला. पाच-दहा मिनिटांत ओठाभोवती लाल गांध्या, मग उलटी. आजीची माया खोटी नसते, पण तिला आधी कुणी सांगितलेलंच नसतं. प्रसादाला जाताना पदराला केळं बांधून न्यावं आणि बाळाच्या हाती त्याची बारीक फोड आधीच द्यावी.

मैद्यात दूध कालवून १८० अंशांवर अर्धा तास भाजलेला केक ही मात्र वेगळी गोष्ट. उष्णता आणि मैदा मिळून प्रथिनाचं रूप बदलतात, त्यामुळे साधारण दहातली सात मुलं असा केक सोसतात. पण पहिला घास कुठे द्यायचा, हे डॉक्टर ठरवतील. लगेच उठणाऱ्या प्रकारात तो दवाखान्यातच. केक सोसला म्हणून खीरही सोसेल असं धरून चालणारे पालक उतावळे असतात, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

दुसरी मोठी चूक उलट टोकाची: एकदा बंद केलं की बंदच. पुन्हा तपासायची तारीख कुणी लिहूनच ठेवत नाही. उशिरा दिसणाऱ्या प्रकारात साधारण सहा महिने दूध बंद ठेवून, किंवा बाळ ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा चाचपावं. लगेच उठणाऱ्या प्रकारात दर सहा-बारा महिन्यांनी तपासणी करावी. त्वचेच्या चाचणीआधी ॲलर्जीचं औषध साधारण आठवडाभर थांबवायचं असतं, नाहीतर निकाल खोटा येतो. औषध कधी थांबवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. चाचणीत त्वचेवर उठलेल्या फोडाचा आकार ॲलर्जीची शक्यता सांगतो, झटका किती मोठा येईल ते नाही. आणि ताप किंवा जुलाब चालू असताना दूध देऊन पाहू नये.

इसब आहे म्हणून, सोसत असलेलं दूध मनानेच महिनोन्‌महिने तोडू नका. मध्ये खंड पडल्यावर पहिल्याच वाटीला गांध्या उठलेली मुलं आहेत.

थोडक्यात काही:
लॅक्टोज नसलेलं दूध ॲलर्जीवर उपाय नाही. लॅक्टोज ही साखर, ॲलर्जी प्रथिनाची.
आयजीजीच्या (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) महागड्या चाचण्या करू नका, त्यांतून ॲलर्जी कळत नाही.
वर्षाच्या आत बदामाचं किंवा नारळाचं दूध मुख्य आहार नव्हे.
१ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीत दूध नाही, पण कॅल्शियमही फारसं नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं.
दुधाच्या भीतीने शेंगदाणे बंद करू नका. शेंगदाण्यात दूध नसतं. मात्र लहानग्याला अख्खे दाणे देऊ नका, बारीक कूट पातळ करून द्या.

घशात घरघर, आवाज बसणं, एकामागून एक उलट्या, मूल मलूल पडणं: अशा वेळी ॲलर्जीचे थेंब पाजत बसू नका. मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. डॉक्टरांनी ते दिलं असेल तर लगेच टोचा, आणि १०८ ला फोन करा.