उत्तर देण्याआधी ऐकणे : तरुणांच्या आध्यात्मिक सोबतीसाठी धर्मभगिनींचे प्रशिक्षण

शाळेत शिकवणाऱ्या, रुग्णसेवा करणाऱ्या किंवा वसतिगृह सांभाळणाऱ्या धर्मभगिनीच्या अंगी एक सवय वर्षानुवर्षे मुरलेली असते. कुणी प्रश्न घेऊन आले की त्याला उत्तर द्यायचे. तरुणांना आध्यात्मिक सोबत करताना, म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या आणि आयुष्याच्या वाटेवर ऐकत बरोबर चालताना, नेमकी हीच सवय आडवी येते. म्हणून प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी सुरुवातीलाच हे धरून चालावे की या कामात नवे शिकण्याइतकेच जुने सोडावे लागते आणि त्याला वेळ लागतो. तीन दिवसांच्या शिबिरात ते साधत नाही. आठ-दहा जणींचा गट महिन्यातून एकदा, निदान वर्षभर भेटत राहिला, तर काही हाती लागते.

आधी निवडीविषयी. बहुधा गटातली सर्वांत तरुण, हसतमुख, गाणी बसवणारी भगिनी या कामासाठी पाठवली जाते. तिचे गुण मोलाचे आहेत, पण तेवढ्यावर निवड करू नये. मार्च 2018 मध्ये, तरुणांविषयीच्या सिनडच्या (बिशपांच्या सभेच्या) आधी, रोममध्ये जमलेल्या तरुणांनी आपल्याला कसा मार्गदर्शक हवा हे स्वतःच सांगितले होते, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2019 च्या ‘ख्रिस्तुस व्हिव्हित’ या प्रबोधनपत्राच्या 246 व्या परिच्छेदात ते उतरवून घेतले. न्यायनिवाडा न करता विश्वास टाकणारी, मनापासून ऐकणारी, आपल्या मर्यादा ओळखणारी आणि आपणही चुकणारी, क्षमा मिळालेली पापी आहोत हे मान्य करणारी व्यक्ती त्यांना हवी होती. निवड करताना हा परिच्छेद समोर ठेवावा. शिवाय एक अट सोडू नये: जिला स्वतःला नियमित आध्यात्मिक सोबत मिळत नाही, तिला या प्रशिक्षणाला पाठवू नये. आपले मन दुसऱ्यासमोर उघडताना किती अवघड जाते, हे जिने अलीकडे अनुभवलेले नाही, तिला समोरच्या मुलाची घालमेल कळत नाही.

पहिल्या दोन-तीन भेटी पवित्र शास्त्रातील दोन उताऱ्यांना द्याव्यात. पहिला लूकच्या शुभवर्तमानातील एम्माऊसच्या वाटेचा (24:13-35), ज्याच्या आधारे 2018 च्या सिनडचा अंतिम दस्तऐवज रचला गेला. तो वाचताना भगिनींना एवढेच शोधायला सांगावे की येशू बोलायला लागण्यापूर्वी काय काय करतो. येशूच्या मृत्यूनंतर खचलेले ते दोन शिष्य यरुशलेमकडे पाठ फिरवून चालले आहेत, तरी तो त्यांना थांबवत नाही. त्यांच्या बरोबर त्याच दिशेने चालतो, प्रश्न विचारतो आणि सगळी हकीगत त्याला ठाऊक असतानाही ती त्यांच्या तोंडून ऐकून घेतो. दुसरा उतारा लहानगा शमुवेल आणि वृद्ध याजक एली यांचा (1 शमुवेल 3). रात्री देव शमुवेलला हाक मारतो आणि एलीनेच बोलावले असे समजून तो त्याच्याकडे जातो. एलीला दोनदा काही कळत नाही, तो मुलाला परत झोपायला पाठवतो. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येते, तेव्हाही तो स्वतः देवाच्या वतीने बोलत नाही. काय म्हणायचे ते शिकवून मुलाला एकट्यालाच परत पाठवतो. मला या कामाचे याहून नेमके चित्र दुसरीकडे सापडलेले नाही.

यानंतर प्रत्यक्ष सराव सुरू करावा, आणि वर्षातला सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. तिघी-तिघींचे गट करावेत. एकीने आपल्या आयुष्यातली खरी, पण फार खोल नसलेली गोष्ट वीस मिनिटे सांगावी, दुसरीने ऐकावे, तिसरीने फक्त पाहावे. ऐकणारीला सल्ला देण्याची, स्वतःचा अनुभव सांगण्याची आणि बायबलचे वचन सुचवण्याची मनाई असावी. शेवटची मनाई अनेकींना खटकते, पण वचन कधी समोरच्याला आधार देण्यासाठी येते आणि कधी आपल्याला अवघड शांतता सोसवत नाही म्हणून येते, यातला फरक या सरावातच कळतो.

पुढचा टप्पा संवादनोंदीचा. तरुण व्यक्तीची परवानगी घेऊन, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, भेटीनंतर चोवीस तासांच्या आत आठवेल तसा संवाद लिहून काढायचा. डावीकडे बोललेले शब्द, उजवीकडे त्या वेळी आपल्या मनात काय झाले ते. समजा, डावीकडे असे लिहिले आहे:

“सिस्टर, मला हल्ली चर्चमध्ये बसवतच नाही.”
“असं बोलू नये गं. आईला किती वाईट वाटेल तुझ्या!”

आणि उजवीकडे: ‘मी घाबरले. तिची आई मला जाब विचारेल असे वाटले.’ शिकण्याची जागा हीच. गटाने तिला दोष देऊ नये. एवढेच विचारावे की त्या क्षणी भीती नसती तर तू काय विचारले असतेस. “बसवत नाही म्हणजे नेमकं काय होतं गं तुला?” हा साधा प्रश्न सुचायला कधी कधी अर्धा तास लागतो. त्या प्रश्नानंतर कदाचित कळते की आजीच्या अंत्यविधीनंतर त्या बाकांकडे पाहिले की मुलीला रडू कोसळते, आणि श्रद्धा सुटल्याचा इथे प्रश्नच नाही.

आत्म्यांची पारख, म्हणजे मनातली कोणती ओढ देवाकडून आहे आणि कोणती नाही हे ओळखणे, शिकवताना येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे नियम उपयोगी पडतात, विशेषतः विषण्णतेच्या (देव दूर वाटून मन उदास होण्याच्या) काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये हा. मात्र आध्यात्मिक शुष्कता आणि नैराश्याचा आजार यांतला भेदही त्याच वेळी शिकवावा. झोप उडणे, जेवण सुटणे, जीव नकोसा होणे असे काही दिसले, तर प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे नेणे हे भगिनीचे कर्तव्य आहे, आणि जिवाला धोका वाटला तर दिरंगाई अजिबात करू नये.

पाचारणाविषयी, म्हणजे देव कोणत्या जीवनासाठी बोलावतो आहे याविषयी, स्पष्ट बोलले पाहिजे. जिथे नव्या उमेदवार कमी होत आहेत, तिथे चांगली मुलगी दिसली की ती आपल्या संस्थेत यावी अशी इच्छा मनात डोकावतेच. ती लपवू नये, गटात बोलून दाखवावी. आध्यात्मिक साधनेचे मार्गदर्शन करणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, कोणत्याही बाजूला झुकू नये, असे इग्नेशियस यांनीच सांगून ठेवले आहे. “मला सिस्टर व्हायचंय” आणि “मला लग्न करायचंय” ही दोन्ही वाक्ये सारख्याच मोकळेपणाने ऐकता येईपर्यंत भगिनीने एकटीने सोबत करू नये.

मर्यादांचा भाग कोरडा वाटला तरी टाळू नये. प्रायश्चित्त संस्काराची (पापकबुलीची) गुप्तता धर्मगुरूला बांधते. भगिनीशी झालेले बोलणे तो संस्कार नव्हे. म्हणून “मी कुणालाही सांगणार नाही” असे वचन कधीही देऊ नये. पहिल्याच भेटीत सांगावे की बोलणे आपल्यातच राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा अत्याचार झाला असेल तर योग्य व्यक्तीला सांगावे लागेल. धर्मगुरू किंवा व्रतस्थ (व्रत घेतलेले भगिनी-बंधू) यांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराची माहिती वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना कळवणे ‘व्होस एस्तिस लुक्स मुंदी’ या पोपच्या 2019 च्या आदेशाने व्रतस्थांवरही बंधनकारक आहे, आणि नागरी कायद्याने घातलेली जबाबदारी वेगळी. भेट ठरलेल्या वेळी, बाहेरून दिसेल अशा खोलीत व्हावी. रात्री उशिरा फोनवर संदेशांची देवाणघेवाण टाळावी. भेटवस्तूही घेऊ नयेत. आणि ज्या उमेदवारांच्या प्रवेशाचा निर्णय तिच्या हाती आहे, त्यांना भगिनीने सोबत करू नये, कारण चर्चच्या कायदेसंहितेच्या (कॅनन लॉ) 630 व्या कलमाने वरिष्ठांना आपल्या अधिकाराखालील सदस्यांना सदसद्विवेक उघडा करायला कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करण्याची मनाई केली आहे, आणि तोच विचार इथेही लागू पडतो.

प्रशिक्षण संपल्यावर अनुभवी व्यक्तीबरोबर दीड-दोन महिन्यांनी एक बैठक ठेवावी. तिथे चर्चा भगिनीची व्हावी: तिला कुणाची जास्त ओढ लागली, कुणाचा कंटाळा आला, कुणाच्या भेटीआधी पोटात गोळा येतो. वरिष्ठांनीही कामाची विभागणी नव्याने करावी. आठवडाभराचे पूर्ण तास शिकवून, वसतिगृहाचा हिशेब लिहून, उरलेल्या वेळात सोबत कर असे सांगितले, तर ऐकायला लागणारी शांतता तिच्याकडे उरणार नाही. सोबत संपवायलाही शिकवावे. तरुण शिक्षणासाठी दूर जातो किंवा पुढची वाट त्याची त्याला दिसू लागते, तेव्हा एक शेवटची भेट ठरवून तीत मागचा प्रवास त्याच्याच तोंडून ऐकावा, आभार मानून निरोप घ्यावा आणि त्याच्याविषयीच्या नोंदी नष्ट कराव्यात.