ग्लुटेनमुक्त दळण घरी दळताना घ्यायची काळजी

ग्लुटेन हे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतले प्रथिन आहे, आणि गव्हाच्या पिठात ते वजनाच्या साधारण 8 ते 10 टक्के असते. ग्लुटेनमुक्त अन्नासाठी कोडेक्स या अन्नमानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाने घातलेली मर्यादा मात्र किलोमागे 20 मिलिग्रॅम एवढीच आहे. याचा अर्थ असा, की किलोभर तांदळाच्या पिठात गव्हाचे जेमतेम पाव ग्रॅम पीठ मिसळले तरी ही मर्यादा गाठली जाते. सीलिअॅक आजार (ज्यात ग्लुटेन खाल्ल्याने लहान आतड्याला इजा होते) असलेल्या माणसासाठी घरी दळण करणाऱ्याने हा हिशेब कायम ध्यानात ठेवावा, कारण पाव ग्रॅम पीठ घरघंटीच्या जाळीत अडकून बसले तर ते डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणूनच पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की या दळणासाठी स्वतंत्र घरघंटी ठेवावी आणि तिच्यात गहू, खपली गहू, बार्ली किंवा राय एकदाही दळू नये. आधी गहू दळलेली घरघंटी स्वच्छ करून वापरता येईल, असे अनेकांना वाटते. पण पाती, जाळी, सांधे, रबरी कडा आणि कापडी पिशवीची शिवण या सगळ्यांत पीठ मुरलेले असते. दगडी जात्याचे तर विचारूच नये. टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांतून आणि सूक्ष्म छिद्रांतून पीठ पूर्णपणे निघत नाही, आणि दगड पाण्याने धुतल्यास तो ओल धरतो. आधी मूठ-दोन मुठी तांदूळ दळून ते पीठ फेकून देण्याची पद्धत प्रचलित आहे. तिने गव्हाचा अंश कमी होतो, परंतु तो सुरक्षित पातळीच्या खाली गेला याची खात्री मिळत नाही. जुनी घरघंटी विकत घेणे त्यामुळे टाळलेलेच बरे.

घरघंटी निर्धोक असली, तरी धान्यातूनही गहू येतो. शेतात, खळ्यावर, पोत्यांत आणि वाहतुकीत धान्ये एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ज्वारी, मका किंवा डाळींत गव्हाचे दाणे सापडणे नवलाचे नाही. ओटमध्ये हा धोका विशेष असतो. गव्हाच्या एका दाण्याचे वजन साधारण 40 मिलिग्रॅम असते आणि त्यात 3 ते 4 मिलिग्रॅम ग्लुटेन असते. किलोमागे पाच-सहा दाणे नजरेतून सुटले तर वर सांगितलेली मर्यादा भरते. धान्य मोठ्या ताटात एकेरी थरात पसरावे, भरपूर उजेडात निवडावे आणि शक्यतो दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा एकदा निवडून घ्यावे, कारण सवयीने नजर चुकते. ताटाचा रंग दाण्यांपेक्षा वेगळा असावा. निवडलेले धान्य दोन-तीन पाण्यांनी धुतल्यास दाण्यांवरची पिठाची धूळही निघून जाते. त्यानंतर मात्र ते कडकडीत वाळवावे, कारण ओलसर दाणे दळताना जाळी बुजते. पाखडल्याने हलका कचरा उडतो, पण गव्हाचा दाणा जड असल्यामुळे तो सुपातच राहतो.

चाळणी, कुंचला, मापे आणि पिठाचे डबे वेगळे ठेवून त्यांवर ठळक खूण करावी. तारेच्या चाळणीबाबत तडजोड नको.

घरात इतर मंडळी गहू खात असतील, तर त्यांचे पीठ तयार आणावे. गव्हाचे बारीक पीठ हवेत कित्येक तास तरंगत राहते आणि मग उघड्या धान्यावर वा घरघंटीच्या तोंडावर बसते. ज्या खोलीत कणीक चाळली किंवा मळली, तेथे त्या दिवशी ग्लुटेनमुक्त दळण करू नये. दुसऱ्या दिवशी ओटा ओल्या फडक्याने पुसून मगच काम सुरू करावे. त्या फडक्याने आधी गव्हाचे पीठ पुसलेले नसावे. पिठात अंश शिरल्याची शंका आली, तर ते भाजून किंवा शिजवून सुरक्षित होईल असे मानू नये, कारण स्वयंपाकाच्या उष्णतेने ग्लुटेन नाहीसे होत नाही. असे पीठ गहू खाणाऱ्यांसाठी वापरावे.

घरी वापरण्याचे तपासणी संच मिळतात, पण ते चिमूटभर नमुनाच तपासतात. गव्हाचा अंश पिठात एकसारखा पसरलेला नसतो, म्हणून नमुना घेण्यापूर्वी सगळे पीठ नीट कालवून घ्यावे आणि दोन-तीन ठिकाणचे पीठ तपासावे.