पिटुकला गोबी मासा शोधताना या चुका टाळा

प्रवाळांत डायव्हिंग करून आलेला माणूस कासवाचं सांगतो, शार्कचं सांगतो. नाकासमोरच्या प्रवाळावर टेकून बसलेला जेमतेम दोन सेंटिमीटरचा गोबी त्याला दिसलेलाच नसतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा इव्हिओटा सिगिलाटा हा असाच एक. आपल्या खाडीतल्या निवटीचा हा लांबचा भाऊबंद, पण याचं कालवण करायचं तर शंभरेक तरी लागतील.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोहत पोहत शोधणं. हा मासा पाण्यात तरंगत नाही, तळाला टेकून असतो आणि हलला तर वीतभरच सरकतो. त्यामुळे आपणच थांबायचं. हातभर प्रवाळाचा तुकडा निवडा आणि दोन मिनिटं त्याच्यावरून नजर काढू नका. आधी डोळे दिसतात, मग अर्धपारदर्शक अंग, मग त्याच्या आतली लालसर-तपकिरी नि पांढरी नक्षी. मात्र पाण्यात तोल सांभाळता येत नसेल तर जवळ जाऊच नका. पायातल्या फिनच्या (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या चपलेच्या) एका फटक्याने वाळू उडते, मासा गायब होतो आणि प्रवाळ मोडतो तो वेगळाच.

दिसला की पुढची चूक ठरलेली: ‘अरे, हे तर पिल्लू!’ पिल्लू नाही, तो पुरता वयात आलेला मासा असू शकतो. याचं जास्तीत जास्त आयुष्य 59 दिवस. मार्शल डेपचिन्स्की आणि डेव्हिड बेलवुड या संशोधकांनी 2005 मध्ये हे मांडलं, तेव्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकं छोटं आयुष्य दुसऱ्या कुणाचं ठाऊक नव्हतं. वय कळलं ते कानातल्या खड्यावरून. ढोमी खाताना दाताखाली पांढरा खडा येतो ना, तोच हा, फक्त सूक्ष्म. त्यावर रोज एक वलय चढतं, ती मोजायची. पहिले तीनेक आठवडे अळीरूपात उघड्या समुद्रात, मग प्रवाळावर उतरून एक-दोन आठवड्यांत वयात यायचं आणि उरलेल्या साडेतीन आठवड्यांत संसार आटपायचा! मादी आयुष्यभरात मिळून सुमारे 400 अंडी घालते, राखण करतो नर. एवढी घाई का, तर रोज शंभरातले आठेक कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. प्रवाळांतले मोठे मासे मोठे होतात ते बरेचसे अशा चिल्लर माशांवरच.

ब्लेनी हे असेच तळाला टेकून बसणारे दुसरे छोटे मासे. त्यांची आणि गोबीची गल्लत मीही बरेच दिवस केली. पाठीवरचे पर बघा: गोबीला बहुधा दोन वेगळे, ब्लेनीला बहुधा एकच लांबलचक. पोटाखालचे पर जुळून वाटी झाली असेल तर तो गोबी, ही पुस्तकातली खूण मात्र इथे दगा देते, कारण इव्हिओटा प्रजातीच्या माशांत ते पर बहुधा सुटेच असतात.

आता टाकीत पाळणाऱ्यांसाठी. इव्हिओटाच्या इतर काही जाती बाजारात मिळतात, त्याही अल्पायुषी. विकत घेतानाच मासा वयस्कर असू शकतो, त्यामुळे महिन्याभरात गेला म्हणून लगेच औषधं ओतू नका. आधी पाणी तपासा. छोटा मासा म्हणून छोटी टाकी, हेही चुकतं. कमी पाण्यात खारेपणा भराभर चढतो, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. म्हणून उणं झालेलं पाणी भरताना आरओचं गोडं पाणी घाला, पुन्हा खारं नको. तोंड इवलंसं, त्यामुळे दाणेदार खाद्य तसंच पडून कुजतं. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं द्या. आणि मासा अचानक दिसेनासा झाला तर सगळे दगड उपसत बसण्याआधी फिल्टरचं तोंड बघा. तिथे स्पंज बांधायचा राहिला असेल, तर मासा बहुधा तिथेच सापडेल.