योसेफाचा भाऊ व्हायला या

ऑडिशनच्या खोलीत टेबलामागे तिघं बसतात आणि कोपऱ्यात एक बाई पेटी घेऊन बसलेली असते. ती मी. येणाऱ्याचं सगळं लक्ष टेबलाकडे असतं, त्यामुळे मला निवांत बघता येतं. कोणाचे हात थरथरतात, कोण चपला दाराबाहेर काढून येतं, कोण बाहेर पडल्या पडल्या "वाट लागली" म्हणतं, सगळं मला दिसतं आणि ऐकू येतं.

आमची मंडळी हौशी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, बरेचसे हिंजवडीला. बायबलमधली एक गोष्ट घ्यायची, मराठीत संगीत नाटक बसवायचं, पुण्याच्या कॅम्पातल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तालमी करायच्या आणि पदरमोड करून दोन-तीन प्रयोग लावायचे, एवढाच आमचा पसारा. मागच्या खेपेला योसेफ केला: बापाच्या लाडक्या योसेफाला भाऊ विकतात, तो मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये मोठा अधिकारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्यापुढं धान्य मागायला येतात, ती गोष्ट. आता तोच नव्या संचात करतोय, म्हणून हे लिहायला बसले. दुसऱ्या कुठल्या ग्रुपकडे जाणार असाल तरी बरंचसं उपयोगी पडेल.

आधी गोष्ट वाचा. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा ३७वा अध्याय आणि मग ३९ ते ४५. तासाभराचंही काम नाही, पण दहातले आठ जण ते न करता येतात. लहानपणी पाहिलेल्या कार्टूनच्या भरवशावर येतात आणि रंगीबेरंगी झग्याबद्दल बोलायला लागतात. आपल्या मराठी बायबलात रंग नाहीतच, 'पायघोळ झगा' आहे. मूळ हिब्रू शब्दाचा नेमका अर्थ विद्वानांनाही लागलेला नाही. कोणी रंगीत म्हणतं, कोणी लांब बाह्यांचा. मला विचाराल तर नटाच्या कामाचा पायघोळच. शेरडामेंढरांमागं धावणारा माणूस पायघोळ झगा घालेल का? ज्याला काम करावं लागत नाही तोच घालणार. दहा भाऊ उन्हातान्हात मेंढरं राखतायत आणि हा सतरा वर्षांचा पोरगा झगा सावरत, बापाचा निरोप घेऊन, लांबून येताना दिसतोय. भावांचा राग तिथं आहे. हे डोळ्यांसमोर आलं की निम्मी ऑडिशन झाली.

"आम्ही ख्रिश्चन नाही, चालेल ना?" असा फोन हमखास येतो. चालेल की. मागच्या वेळचा आमचा फारो, म्हणजे मिसरचा राजा, कोथरूडचा, घरी सत्यनारायण घालणारा. शेजारच्या भाभींना ही गोष्ट आमच्या कोरसपेक्षा जास्त पाठ, कारण कुराणाचा बारावा सूरा याच युसूफचा आहे. मुंबईच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मंडळींनी तर १८८०च्या दशकात बायबलमधल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं रचली होती. तेव्हा ही गोष्ट एका कोणाची नाही. नावं तेवढी नीट म्हणा. योसेफाच्या मिसरातल्या मालकाला, पोटीफरला, 'पोतीफर' म्हणालात तर कोणी रागावणार नाही, पण सात वेळा धाकट्या भावाचा, बन्यामीनचा, 'बेंजामिन' केलात तर आमचे दिग्दर्शक सर पेन खाली ठेवतात.

आता भूमिकेचं. फॉर्मवर 'कोणती भूमिका आवडेल' असा रकाना आहे. मागच्या वेळी त्यात 'योसेफ' लिहिणारे एकोणीस होते. 'भाऊ' लिहिणारा एकच निघाला, आणि त्यालाही बहुधा सख्ख्या भावानं फॉर्म भरून दिला होता. माझं ऐका, भावासाठी या. योसेफ देखणा आहे, स्वप्नं सांगतो, तुरुंगात जातो, वर येतो, पण आतून फारसा बदलत नाही. बदलतो यहूदा, त्याचा एक भाऊ. "विकून टाकू याला" म्हणणारा तोच, आणि ४४व्या अध्यायात "माझ्या धाकट्याला सोडा, त्याच्या जागी मला गुलाम करून ठेवा" म्हणणाराही तोच. संवाद निवडायला सांगितला तर यहूदाची ती विनवणी निवडा. बापाचं नाव तो किती वेळा काढतो ते मोजा आणि प्रत्येक वेळी आवाज निराळा लागतो का बघा. पुरुषच कशाला, मुलींनीही हा उतारा घ्यावा. बायकांना या गोष्टीत पोटीफरच्या बायकोखेरीज काही नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून आम्ही सूत्रधार तिन्ही बायका ठेवल्या आहेत आणि दुष्काळाचं पदही मिसरातल्या बायकांच्याच तोंडी आहे.

गाण्यावर मात्र जरा रेंगाळते, कारण तो माझा प्रांत.

कॉलेजात असताना एका मंडळात मी ऑडिशनला गेले होते. कॅसेट झिजेपर्यंत ऐकून गाणं बसवलेलं. पेटीवाल्यांनी विचारलं, "पट्टी?" मी म्हटलं, "कॅसेटमध्ये आहे तीच." ते गालातल्या गालात हसले आणि त्यांनी काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, धरली. धृपद निभावलं. अंतऱ्याला वर गेले आणि तिथंच आवाज फाटला. पट्टी म्हणून काही असतं, म्हणजे आपला 'सा' पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते, आणि ती आपली आपण शोधायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. घरी मुलाखत कशी झाली म्हणून विचारलं तर "बरी" म्हणून सांगितलं होतं.

तर पट्टी शोधा. फोनवर तानपुऱ्याचं अॅप घ्या. ज्या 'सा'वर खालच्या सप्तकातला 'प' (मंद्र पंचम) नीट लागतो आणि वरच्या सप्तकातला 'ग' (तार गंधार) न ओरडता लागतो, ती तुमची पट्टी. पुरुषांची बहुतेक वेळा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास निघते, बायकांची पांढरी पाच ते काळी पाच. चर्चमध्ये पियानोवर शिकलेल्यांनी सी शार्प म्हणजे काळी एक, जी शार्प म्हणजे काळी चार एवढं लक्षात ठेवलं तरी आमचं जमेल. गाण्याच्या कागदावर वर कोपऱ्यात पट्टी आणि ताल लिहून आणा. 'पांढरी पाच, केरवा, मध्य लय' एवढं लिहिलेला कागद हातात आला की तबलजी आणि मी एकमेकांकडे बघून खूश होतो.

गाणं कुठलंही चालेल, धृपद आणि एक अंतरा, दीड मिनिटाच्या आत. चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं म्हणा, भावगीत म्हणा, अभंग म्हणा. आमचे आजोबा नगरला टाळ-मृदंगावर टिळकांची पदं म्हणायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, लोकमान्य नव्हेत, पुण्यात हे सांगावंच लागतं. तसलं एखादं साधं पद, ज्यात शब्द कोणाला तरी सांगायचे आहेत, ते तानांनी भरलेल्या नाट्यगीतापेक्षा बरं. फोनवरचा ट्रॅक वापरणार असाल तर डाउनलोड करून फ्लाइट मोडवर टाका. एका मुलाच्या अंतऱ्यात कर्जाची जाहिरात आली होती. बिचारा त्यानंतर लयीत आलाच नाही.

आमच्याकडे येणारे गायक दोन घराण्यांचे. एक, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेले. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे क्वायरमधले चार आवाज जन्मापासून माहीत. हॉलचं छप्पर कोसळलं तरी आपली ओळ सोडणार नाहीत, पण चेहरा दहावीच्या गणिताच्या पेपरला बसल्यासारखा. त्यांना मी सांगते, कागद खाली ठेवा आणि हेच शब्द बोलून दाखवा, मग गा. दुसरे, शास्त्रीय शिकलेले. गळा तयार, पण एक ओळ सरळ म्हणवत नाही, शेवटाला मुरकी, म्हणजे सुरांची झटपट गिरकी, आलीच. एकट्यानं गाताना ती शोभते. चौदा जणांच्या कोरसमध्ये तीच मुरकी म्हणजे दुधात मिठाचा खडा.

त्यासाठी माझी एक चाचणी आहे, आधीच सांगून टाकते. मी म्हणते, 'सा' धरा, सरळ, आठ मात्रा, आणि मी शेजारी पंचम गाईन. तुम्ही हलायचं नाही. मागच्या वेळी विशारद झालेली एक मुलगी आली होती. तिसऱ्या मात्रेला ती अलगद घसरून माझ्या पंचमावर येऊन बसली, तिचं तिलाही कळलं नाही. मग कळलं तेव्हा इतकी मनापासून हसली! "मावशी, परत द्या ना." दुसऱ्या वेळी तिनं एका कानावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि आठच्या दहा मात्रा धरला. तिला घेतली. तिच्याआधी याच चाचणीत अगदी बिनचूक उतरलेल्या एकीला घेतलं नव्हतं, कारण तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

भाषेबद्दल सांगायचं तर घरची बोली दाराबाहेर ठेवून येऊ नका. याला कारण आहे. भाऊ धान्य मागायला मिसरात येतात तेव्हा योसेफ त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो. त्याला आपलं बोलणं कळतंय हे त्यांना माहीत नसतं. हे ४२व्या अध्यायात सरळ लिहिलेलं आहे. आता हे मराठी नाटकात दाखवायचं कसं? सरांनी मिसरचा दरबार शुद्ध पुणेरी केला, अनुस्वारासकट, आणि भाऊ केले आमच्या नगरी बोलीतले. दुभाष्या मधे उभा राहून "काय म्हंतो रं ह्यो?"चं "काय म्हणणं आहे आपलं?" करतो, आणि प्रेक्षक खुर्चीत मावत नाहीत. विकला गेला तेव्हा योसेफ सतरा वर्षांचा. फारोपुढं उभा राहिला तेव्हा तीस. त्यावर सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षं. म्हणजे बावीस वर्षं तो माणूस घरची भाषा बोललेला नाही. शेवटी सगळ्यांना बाहेर काढून तो पुणेरी टाकतो आणि म्हणतो, "म्या योसेप हाये. आपला बा हाये का अजून?" पहिल्या प्रयोगाला इथं मला पेटीचे स्वर दिसेनासे झाले होते.

म्हणून वाचायला कागद दिला की तो कुठल्या बोलीत वाचू असं विचारा. वऱ्हाडी, मालवणी, मावळातली, काहीही. एकजण बीडकडचा होता. आधी प्रमाण भाषेत वाचलं, अगदी बातम्या दिल्यासारखं. सर म्हणाले, "घरी आईशी बोलता तसं वाचा." तो आधी लाजला, मग वाचायला लागला. कागद तोच, माणूस दुसरा.

आणि आता डब्याचं. भावांनी योसेफाला कोरड्या विहिरीत टाकलं, त्याच्या पुढचंच वाक्य म्हणजे ते जेवायला बसले. पुढं पाच अध्यायांनी भाऊ आपसात कबूल करतात की तो गयावया करत होता आणि आपण ऐकलं नाही. म्हणजे तो ओरडत होता आणि हे जेवत होते. आमच्या ऑडिशनचा शेवटचा भाग एवढाच. तुम्ही खाली मांडी घालून बसायचं, डबा उघडायचा आणि जेवायचं. मागे पडद्याआड एकजण तुमच्या नावानं हाका मारत राहतो. संवाद नाहीत. तीन मिनिटं.

बहुतेक जण लगेच अस्वस्थ होऊन दाखवतात. घास हातात धरून शून्यात बघतात, कपाळाला हात लावतात. एकाने तर डबाच भिंतीवर मारला, भाजी मला पुसायला लागली. मागच्या वेळचा आमचा शिमोन कुठल्याशा कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तो बसला, भाकरी मोडली, भाजीतली मिरची काढून झाकणात ठेवली. हाक आली. त्यानं कांदा बुक्कीनं फोडला. हाक आली. त्यानं पाण्याची बाटली उघडली, बंद केली, परत उघडली. चावण्याचा वेग तोच. मग हाका थांबल्या, आणि थांबल्यावर त्याचं चावणं थांबलं. टेबलामागे कोणी हललं नाही. गाता त्याला बेताचंच येतं. तरी तोच पहिला निवडला गेला.

फॉर्मवर तारखा मात्र खऱ्या लिहा. ऑडिशन जूनमध्ये, प्रयोग दिवाळीनंतर. डिसेंबर आम्ही टाळतो, कॅरोलच्या फेऱ्यांत निम्मा कोरस जातो. पण खरं संकट गणपती. जुलै लागला की भाऊ एकेक करून ढोल पथकाच्या सरावाला गायब होतात. एका बुधवारी तालमीला दहातले तीन भाऊ होते आणि त्यातल्या दोघांच्या बोटांना चिकटपट्ट्या. पथकात आहात म्हणून तुम्हाला नाकारणार नाही, बुधवार-शनिवार सोडून तालमी लावता येतात. पण ते जूनमध्ये सांगा. रात्रपाळी असेल, परीक्षा असेल, तेही लिहा. 'कधीही येऊ शकतो' लिहिणारा माणूस सर्वांत कमी येतो, हा माझा अनुभव.

कपडे साधे, जमिनीवर बसता येईल असे. गाण्याआधी मस्तानी पिऊन येऊ नका, घसा दुधानं चिकट होतो आणि खाकरण्यात दीड मिनिट संपतं. गाडी लांब लावावी लागते, पुलगेटपर्यंत बसनं आलात तर सोपं. निवड झाली की नाही ते आम्ही सगळ्यांना कळवतो, झाली नसेल त्यांनाही, आणि नाही म्हटलेल्यांतले दोघं-तिघं दरवेळी रंगमंचामागं कामाला लागतात.

डबा आणायला विसरू नका. भाकरी असेल तर उत्तम, पोळीही चालेल. वडापाव आणू नका, तीन मिनिटं पुरत नाही.