डावा हात दोन स्वर खाली वाजतो: माझा उपाय
कोथरूडमध्ये घरीच पियानो शिकताना माझा डावा हात बास क्लेफमधला (पाच रेघांच्या सुरुवातीचे, खालच्या स्वरांसाठीचे चिन्ह) प्रत्येक स्वर नावाने दोन स्वर खाली वाजवी, कारण डोळे तो ट्रेबल क्लेफसारखाच (उजव्या हाताच्या, वरच्या स्वरांच्या चिन्हासारखाच) वाचत. स्वरांखाली सा-रे-ग लिहून पाहिले, पण हार्मोनियमचा सा स्केलनुसार सरकतो, त्यामुळे ते ठरावीक पट्टीशी जुळेना. वैताग आला.

उपयोगी पडला तो क्रम असा: प्रथम उजवा हात पूर्ण थांबवला. मग क्लेफच्या दोन ठिपक्यांमधली, म्हणजे खालून चौथी, रेघ एफ या स्वराची म्हणून पक्की केली. नंतर खालून दुसऱ्या मोकळ्या जागेतला सी आणि पाच रेघांच्या वरच्या आखूड रेघेवरचा मधला (पियानोच्या मध्याजवळचा) सी. बाकी नावे पाठ न करता (हेच खरे महत्त्वाचे) अंतर वाचले: रेघेवरून लगतच्या जागेत गेल्यास शेजारची पांढरी पट्टी, पुढच्या रेघेवर गेल्यास मधली एक सोडून. उजवा हात शेवटी जोडला.